आजोबांची वही, नानावटी खटला आणि तो टॉवेल

सुमेधा_दादर

मागच्या महिन्यात आजोळचं दादरचं घर रिकामं केलं. इमारत पुनर्विकासाला गेली. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुने पितांबर, पंचांगं आणि तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तशी लांबट वही. उघडली तर पानापानावर खळीनं चिकटवलेली कात्रणं, प्रत्येकाखाली आजोबांच्या बारीक अक्षरात तारीख. सगळी एकाच विषयाची. नानावटी खटला, १९५९.

आजोबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. चाळीत कुणाचं भांडण जुंपलं तर आपलं दार लोटून घेणारा माणूस. आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नाही. या माणसानं एका खुनाच्या खटल्याची कात्रणं इतक्या निगुतीनं का जपली असतील, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना प्रकरण नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमांडर कावस नानावटी नौदलात आयएनएस म्हैसूरवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. बायको सिल्व्हिया, जन्मानं इंग्रज, तीन मुलं. २७ एप्रिल १९५९ ला सिल्व्हियानं प्रेम आहुजाशी आपले संबंध असल्याचं नवऱ्याला सांगितलं. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, सहाला घ्यायला येतो म्हणाले, आणि बोटीवर गेले. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि तपकिरी पाकिटात घातली. मग आहुजांच्या ऑफिसात गेले. तिथे ते भेटले नाहीत म्हणून सेटलवाड रोडवरच्या 'जीवन ज्योत'मधल्या त्यांच्या घरी. नोकरानं दार उघडलं, नानावटी बेडरूममध्ये गेले, दार बंद झालं. तीन गोळ्या. त्यानंतर नानावटी स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं.

आता वहीकडे येते. मी एकदा बसून फोटो मोजले. पांढऱ्या गणवेशातले, छातीवर पदकं असलेले नानावटी चौदा वेळा. सिल्व्हिया नऊ वेळा. कोर्टाबाहेरची गर्दी, वकील, पारशी समाजाच्या सभेचे दोन फोटो. प्रेम आहुजांचा एकही नाही. एका कात्रणात तर कात्री अशी फिरली आहे की शेजारच्या रकान्यातला कुणाचा तरी खांदा तेवढा राहिलाय. तो त्यांचाच होता का, कळायला मार्ग नाही.

मेलेल्या माणसाबद्दल मला काय माहीत होतं हे आठवून पाहिलं. एवढंच, की तो अंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. बास. माणूस गेला आणि टॉवेल राहिला.

तुमच्या घरी या खटल्याच्या काय आठवणी आहेत? आणि हे असं का होतं? कुणाच्या तरी घरातलं मरण आपण महिनोन्‌महिने चवीनं वाचतो आणि ज्याचं मरण, तोच आपल्या हिशेबात नसतो.

गिरगावकर_अण्णा

सुमेधाताई, मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ठाकूरद्वारला राहायचो. घरी मराठी पेपर यायचा, पण खरी मजल कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयापर्यंत. तिथे 'ब्लिट्झ' हे इंग्रजी साप्ताहिक यायचं. इंग्रजी येणारे एक गृहस्थ खुर्चीत बसून वाचायचे आणि एकेक वाक्य मराठीत सांगायचे. दाढी झालेली माणसंही उठायची नाहीत. अंक एरवी चार आण्यांचा, पण खटला तापला तेव्हा दोन रुपयांना विकला जायचा आणि तरी मिळायचा नाही. त्याचे संपादक रुसी करंजियांनी नानावटींची बाजू उघड उघड उचलून धरली होती. देशासाठी लढणारा सच्चा अधिकारी एकीकडे आणि पैसेवाला, बायका नादाला लावणारा दुसरीकडे, असं चित्र दर आठवड्याला.

रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी पिस्तूल' विकायचे हे खरं आहे. पिस्तूल म्हणजे पत्र्याचं खेळणं. माझ्या थोरल्या भावानं एक आणलं होतं. बायका नानावटींवर लिपस्टिक लावलेल्या नोटा फेकायच्या असं मोठी माणसं सांगायची. ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट लिहितो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. आम्ही चाळीच्या मागच्या आवारात नानावटी-नानावटी खेळायचो. नानावटी व्हायला सगळे तयार. आहुजा व्हायला कुणीच नाही. मग आमच्यातला सगळ्यांत लहान, सहा वर्षांचा पोरगा होता, त्याला पंचा गुंडाळायचो आणि नळाजवळ उभा करायचो. त्याला एकच वाक्य शिकवलेलं होतं. ते म्हणायचं आणि पडायचं. एक दिवस तो पडला नाही. पंचा घट्ट धरून उभाच राहिला आणि रडायला लागला. मला मरायचं नाही म्हणाला. आम्ही त्याला हाकलून दिलं. सहासष्ट वर्षं होतील या गोष्टीला. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि तो नळ डोळ्यांसमोर आला.

ॲड_निरंजन

अण्णा, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. ते 'एकच वाक्य' कुठलं असेल याचा अंदाज आहे. 'जिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करू का?' हेच ना? सिनेमांमुळे आज पोराटोरांनाही ते माहीत आहे.

मी फौजदारी वकिली करतो. विद्यार्थीदशेत हा निकाल परीक्षेपुरता वाचला होता, नंतर नीट वाचला. त्या बंद खोलीत दोनच माणसं होती, त्यातलं एक मेलं. म्हणजे हे वाक्य आपल्यापर्यंत आलं ते ज्यानं गोळ्या झाडल्या त्याच्या तोंडून. तो बचावाचा भाग होता. आहुजांनी असं म्हटलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण लोकांच्या आठवणीत मेलेल्या माणसाचं एकच वाक्य उरलं आणि तेही आरोपीनं सांगितलेलं, हे मला फार अस्वस्थ करतं.

आता टॉवेल. बचाव असा होता की रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि तीत चुकून गोळ्या सुटल्या. सुप्रीम कोर्टाच्या १९६१ च्या निकालात या झटापटीची चिरफाड आहे. दोन धडधाकट पुरुष शस्त्रासाठी झोंबतात आणि त्यातल्या एकाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलतसुद्धा नाही? प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल जसाच्या तसा गुंडाळलेला होता. फुटपाथवर जी वस्तू गंमत म्हणून विकली जात होती, ती खरं तर नानावटींच्या विरुद्धचा पुरावा होती. विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे लक्षात आलं असेल?

दुसरा मुद्दा वेळेचा. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभातून, म्हणजे एकदम डोकं फिरून हातून माणूस मेला तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. नानावटी घरातून निघाले दुपारी दीडच्या सुमारास, गोळ्या झाडल्या ४.२० ला. मधल्या वेळात मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर कारण रचून सांगितलं, शस्त्र भरलं, ऑफिसात शोध घेतला, तिथून घरी गेले. कोर्ट म्हणालं, भानावर यायला एवढा वेळ पुरेसा होता.

ज्युरीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, तो इथेच खोडतो. नानावटीमुळे भारतातली ज्युरी पद्धत बंद झाली असं म्हणतात. त्या प्रकरणानं ज्युरीची अब्रू गेली हे खरं, पण विधी आयोगानं ज्युरी नको ही शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे खुनाच्या आदल्या वर्षी केली होती. आणि फौजदारी कायद्यातून ती पूर्णपणे गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं. सत्र न्यायाधीश मेहतांना ज्युरीचा कौल पटला नाही, म्हणून त्यांनी जुन्या संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तशी सोय कायद्यात पहिल्यापासून होती. हायकोर्टानं ११ मार्च १९६० ला जन्मठेप दिली.

ओंकार_नाशिक

सगळं वाचलं. पण एक बाजू मांडू दे. लोक मूर्ख होते असा सूर लागू नये असं वाटतं.

१९५९ सालचा माणूस डोळ्यांसमोर आणा. देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं झालेली. नौदलाचा गणवेश म्हणजे काय होतं तेव्हा! तो अधिकारी महिनोन्‌महिने समुद्रावर, आणि मागे ओळखीतलाच माणूस असं वागतो. तो पळाला नाही, पुरावे लपवले नाहीत, सरळ पोलिसांकडे गेला. बायकोला घराबाहेर काढलं नाही. तीही कोर्टात त्याच्या बाजूनं उभी राहिली. सामान्य माणसाला यात काहीतरी सरळ दिसलं असेल तर त्यात वावगं काय? सुमेधाताईंच्या आजोबांना चांगुलपणाच दिसला असणार. क्रौर्य आवडणारा माणूस अशी वही करत नाही.

सुमेधा_दादर

ओंकार, तुझं म्हणणं मनापासून पटतं. आजोबांना मी दोष देत नाहीये. ते मला फार प्रिय होते आणि म्हणूनच हे टोचतंय. सहानुभूती वाटण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. एकाबद्दल वाटायची म्हणून दुसऱ्याचा फोटो कापावा का लागतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि ती सरळ रेघही वाटते तितकी सरळ नव्हती. पारशी समाज नानावटींच्या मागे उभा होता, कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांच्यासाठी सभा झाली. (आज तिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आहे. पुढच्या वेळी गेलात तर आठवा.) आहुजा सिंधी. फाळणीनंतर सिंधी माणसं या शहरात निर्वासित म्हणून आली त्याला तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झालेली. आहुजांच्या बहिणीच्या, मामी आहुजांच्या (मामी हे त्यांचं नाव) वतीनं जे तरुण वकील कोर्टात लक्ष ठेवून होते ते राम जेठमलानी, तेही त्याच लोंढ्यातून आलेले. शहराला कोण आपलं वाटत होतं आणि कोण उपरं, हे वहीतून न लिहिताही दिसतं.

शनिवारपेठ

मी पुण्याची. आमच्या पिढीचा खटला म्हणजे जोशी-अभ्यंकर. १९७६-७७ मध्ये दहा खून, आणि करणारे निघाले कलामहाविद्यालयातले विद्यार्थी. मी शाळेत होते. सात वाजता अख्ख्या पेठेत दारं बंद व्हायची. वाड्याचा दिंडी दरवाजा, जो मी कधी लागलेला पाहिला नव्हता, त्याला अडसर घालायला लागले. दूधवाल्यालाही नाव सांगितल्याशिवाय कडी निघायची नाही.

नानावटी आणि हे, दोन्हीकडे लोक वेडे झाले पण वेड वेगळं होतं. मुंबईत लोकांना हिरो मिळाला होता. आमच्याकडे नुसती भीती होती. १९७८ मध्ये खटला चालला तेव्हा माझी मावशी कोर्टात गेली होती, गर्दीत उभं राहून आरोपींना बघून आली. आम्ही तिला विचारलं, कसे दिसतात? ती कितीतरी वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'आपल्याच पोरांसारखे दिसतात गं.' त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटतं लोक त्यासाठीच जात होते. राक्षस बघायला. म्हणजे घरी येऊन निवांत झोपता येईल. आणि राक्षस काही दिसला नाही.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. तरी आमचा अडसर कितीतरी वर्षं तसाच होता.

माळवा_ते_मुंबई

मी इंदूरची, आता मुलुंडला. आमच्याकडे याहून जुनी गोष्ट सांगतात, बावला खून खटला. १२ जानेवारी १९२५, मलबार हिल. अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या गाडीवर हल्ला झाला, त्यात तो मेला. बरोबर मुमताज बेगम होती. ती आधी इंदूरच्या महाराजांच्या, तुकोजीराव होळकरांच्या पदरी होती आणि तिथून निघून आलेली. तिला पळवून न्यायचा डाव होता. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी नेमके तिथून चालले होते. ते मधे पडले म्हणून ती वाचली, पण तिच्या चेहऱ्यावर वार झालेच. एका आरोपीचे वकील होते बॅरिस्टर जिना. आणि खटल्याची शाई वाळायच्या आत, त्याच वर्षी या प्रकरणावर मूकपटसुद्धा निघाला. पुढच्या वर्षी तुकोजीरावांना गादी सोडावी लागली.

माझ्या पणजीच्या तोंडी हे प्रकरण असायचं. पण ती 'ममताज पळाली' असं म्हणायची नाही, 'ममताज सुटली' म्हणायची. संस्थानातल्या बायका खटल्याकडे वेगळ्या कानांनी ऐकत होत्या एवढं मला त्या एका शब्दावरून कळलं. तेव्हा लोकांची उत्सुकता नेहमी वाईटच असते असं नाही म्हणवत.

रेवती_क

मी एरवी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. आमचं गाव आणि नावं सांगणार नाही.

माझ्या दिराचा खून झाला त्याला नऊ वर्षं झाली. जमिनीचा वाद. खटला जिल्ह्याच्या कोर्टात चालला आणि त्यात एक बाई साक्षीदार असल्यामुळे गावभर त्याची कथा झाली. एका वाहिनीवाल्यांनी आमच्या दारासमोर उभं राहून कार्यक्रम केला. मागे दोरीवर त्याचे शर्ट वाळत होते. सासूबाईंनी ते धुऊन टाकलेले होते, कारण त्यांना काय करावं सुचत नव्हतं. ते शर्ट टीव्हीवर दिसले. दुसऱ्या दिवसापासून माणसं घर बघायला यायला लागली. मोटरसायकलवरून यायची, थांबायची, दोरीकडे बघायची. एकानं माझ्या मुलाला विचारलं, 'यातला कुठला?'

सासूबाईंनी त्यानंतर कपडे बाहेर वाळत घातले नाहीत. आजही घरातच घालतात, पावसाळा असो उन्हाळा असो.

अण्णांनी त्या मुलाबद्दल लिहिलं आणि सुमेधाताईंनी टॉवेलबद्दल, म्हणून लिहावंसं वाटलं. कोर्टात लोक येतात त्याचं मला काही वाटलं नाही. उलट कोर्ट भरलेलं असलं की न्यायाधीश लक्ष देऊन ऐकतायत असं वाटायचं. रिकाम्या कोर्टात तारखा पडायच्या तेव्हा जास्त एकटं वाटायचं. पण येणाऱ्यांपैकी कुणी एकदा तरी विचारायला हवं होतं, तो कसा होता. त्याला मोडी वाचता यायची. शिकवायला कुणी नव्हतं, एकटाच शिकला होता.

गिरगावकर_अण्णा

रेवतीबेन, नव्हे, रेवतीताई, नमस्कार करतो. (गिरगावात शेजार गुजराती, सवयीनं बोट गेलं.) मोडी शिकला म्हणजे चिकाटीचा असणार. लहानपणी मला एका मास्तरांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, चार दिवसांत सोडली.

ॲड_निरंजन

रेवतीताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. खटला खुल्या कोर्टात चालायला हवा, त्याचं कारण तुम्ही आमच्या पुस्तकांपेक्षा चांगलं सांगितलंत. गर्दी भिंतीसारखी मागे उभी राहिली तर आधार होते. ती निकालपत्रात शिरली की घात. नानावटी प्रकरणात तर हायकोर्टानं शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवायचा आदेश काढला. हे बरोबर नव्हतं असं सुप्रीम कोर्टाला १९६० मध्ये वेगळा निकाल देऊन सांगावं लागलं.

सुमेधाताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या आजोबांच्या वहीत हायकोर्टाचा निकाल आहे का? तेव्हाच्या पेपरात तो कसा आला होता ते बघायचं आहे.

सुमेधा_दादर

निरंजन, तुमचा प्रश्न वाचून वही पुन्हा काढली.

नाही. शेवटचं कात्रण ज्युरीच्या कौलाचं आहे. खाली तारीख २१ ऑक्टोबर १९५९, आणि तारखेखाली दोन रेघा, आजोबा हिशेब संपला की मारायचे तशा. त्यापुढचं पान कोरं. मग पुढच्या पानापासून दुधाचा हिशेब सुरू होतो. जानेवारी १९६०. दीड शेर, दीड शेर, पाहुणे आले त्या दिवशी दोन शेर. मार्चच्या पानावर ११ तारीखही आहे. दीड शेर.

म्हणजे पेपर घरी येतच होता. ते वाचतही असणार. पण जे हवं होतं ते झाल्यावर त्यांनी खटला बंद करून टाकला.

ओंकार_नाशिक

हे वाचून काय बोलावं कळत नाही, ताई. माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पण थोडं कमी करतो.

गिरगावकर_अण्णा

शेवट वहीत नाही तर इथे असू दे. सुप्रीम कोर्टानं २४ नोव्हेंबर १९६१ ला जन्मठेप कायम केली. मधल्या काळात मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला होता, म्हणून एका निकालाच्या मथळ्यावर मुंबई राज्य आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र राज्य आहे. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी समाजातल्या स्वातंत्र्यसैनिक-व्यापाऱ्यालाही माफी मिळाली, म्हणजे दोन्ही समाजांची समजूत. पुढे नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेलं. नानावटी २००३ मध्ये वारले.

त्या माफीच्या आधी मामी आहुजांची संमती लागली. आपली हरकत नाही असं त्यांनी लिहून दिलं. एवढ्या पाच वर्षांत, एवढ्या गदारोळात, त्यांच्याकडे कुणी काही मागायला गेलं असेल तर ते हे.

सुमेधा_दादर

अण्णा, ते कोरं पान आहे ना, दोन रेघांच्या पुढचं, त्यावर हे लिहिते. पेन्सिलीनं. प्रेम भगवानदास आहुजा, वय चौतीसच्या आसपास, मोटारींचा व्यवसाय, बहिणीबरोबर राहत. आणि अकरा मार्चपासूनच्या तारखा.

कुणाला कागदाची माहिती असेल तर सांगा, खळ वाळून कात्रणं सुटायला लागली आहेत.

शनिवारपेठ

सेलोटेप अजिबात लावू नकोस, दोन वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशनही नको. दोन पानांमध्ये बटर पेपर घाल, वही आडवी ठेव, ओल नसलेल्या कपाटात. आणि आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेव. दुधाच्या हिशेबाचेसुद्धा.